कडीवरचा पंचा

"शिडी हळू टेकव रे बाबा," अनुपमा ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "आत माणूस झोपलाय."

मंडपवाल्याच्या माणसाने शिडी तशीच खांद्यावर धरून आधी दारावरचं तोरण बघितलं, मग उंबऱ्यातली रांगोळी बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, लग्नघर हेच ना?"

"हेच. मुलीची हळद आहे आज, उद्या लग्न. फक्त आवाज करू नको."

बिचारा चपला काढून शिडीवर चढला. माळा बांधताना त्याच्या हातून सुतळीचा गुंडा खाली पडला, तर त्याने जीभ चावली.

दिंडोशीच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सकाळी आठलाच लग्न नुसतं उतू चाललं होतं, आणि सगळं कुजबुजत. बायका कुजबुजत गजरे माळत होत्या. नवरी, म्हणजे अक्षता, मैत्रिणींच्या घोळक्यात तोंडावर ओढणी दाबून हसत होती. सनई लावली होती, पण मोबाइलवर, आणि मोबाइल ठेवला होता तांदळाच्या डब्यात. अनुपमा या खोलीतून त्या खोलीत भिंगरीसारखी फिरत होती. काल भरलेल्या हिरव्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर चढवून घट्ट बसवल्या होत्या, चालताना वाजू नयेत म्हणून. तिची ती सवयच होती.

अडचण एकाच बाईची होती. अनुपमाच्या नवऱ्याची, दशरथची, थोरली बहीण शकु काल कुडाळहून आली होती, आणि तिचा आवाज म्हणजे या वाडीतून त्या वाडीत जाणारा.

"गो अनुपमा, ह्या लग्नाचा घर की मयताचा? माका हळू बोलूक जमणा नाय."

"आक्का, नितेश झोपलाय."

"झोपलो तर झोपलो. बहिणीची हळद आज. उठव तेका."

"सकाळी सहाला आलाय ड्यूटीवरून. आणि कडीवर पंचा आहे."

पंचा म्हटल्यावर मात्र शकुआक्का गप्प झाली. तो पंचा तिलाही माहीत होता.

आतल्या खोलीच्या कडीला लाल काठाचा एक पंचा अडकवलेला होता. ही रीत गिरणीच्या दिवसांतली. लालबागच्या खोलीत गावचे आठ-दहा पुरुष पाळीपाळीने झोपायचे, आणि तिसऱ्या पाळीचा माणूस आत पडला की कडीवर पंचा लागायचा. पंचा दिसला की दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, भांडायचं असेल तर खाली जाऊन भांडायचं. अनुपमा लग्न होऊन आली तेव्हा सासूने दुसऱ्याच दिवशी तिला पंचा दाखवला आणि म्हणाली, "हो पंचो कडयेर दिसलो की घरात आवाज करूचो नाय." झालं. सासूची शिकवण तिने पुढे एकोणतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळली.

दशरथ तेव्हा तिसऱ्या पाळीला होता. गिरणी बंद पडली तसा तो बोरिवलीच्या एका सोसायटीत वॉचमन लागला, आणि तिथेही त्याच्या वाट्याला रात्रच आली. माणूस मुळातच घुमा. घरात असला तरी नसल्यासारखा, कधीमधी एकदम चिडायचा, ताट सरकवून उठायचा. बायकोला ते केव्हाच अंगवळणी पडलं होतं. चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा अनुपमाने पंचा धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला. दोन वर्षांत परत काढावा लागला, कारण नितेशला मालाडला एका ऑफिसात नोकरी लागली. परदेशातल्या प्रवाशांच्या बॅगा विमानतळावर हरवल्या की ते फोनवर थयथयाट करायचे आणि हा तेवीस वर्षांचा पोरगा इथे बसून रात्रभर गोड आवाजात त्यांची समजूत काढायचा.

मग अनुपमाने काही बाकी ठेवलं नाही. आधी कुकर वसुधाकडे गेला. वसुधा म्हणजे समोरच्या दारातली, महापालिकेच्या इस्पितळात नर्स, पाठच्या बहिणीसारखी. मग मिक्सर गेला. मग बेलची वायर काढली. नितेशचे डोळे सुजलेले दिसायला लागले, तर तिला वाटलं पोराची झोप पुरत नाही, कुठून तरी आवाज येतोय. तिने नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. तो जेवणाचा डबा अर्धा परत आणायला लागला, तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. तो घरात कुणाशी बोलेनासा झाला, गणपतीत ढोलकीला हातसुद्धा लावला नाही, तेव्हा तिने मजल्यावरच्या पोरांचं क्रिकेट खाली हलवलं. आणि मजला ऐकायचा हो तिचं. दोन वर्षं चौथ्या मजल्यावर दिवसा कुणी मोठ्याने शिंकलं नाही, आणि याचा तिला मनातून केवढा अभिमान होता.

एकच काटा सलत होता. परवा नितेश म्हणाला, "आई, हळदीला मी झोपतो. लग्नाचं बघू." बघू म्हणजे काय? नवरदेवाचा कान कोण पिळणार मग? नवरीचा भाऊ म्हणून दुसरा आणायचा कुठून? अक्षता हसत म्हणाली, "जाऊ दे ना आई. सुशांतला सांगते, तुझे कान वाचले." आणि मग बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला. पण नळाला फडकं बांधलेलं. पाण्याचा आवाजच नाही, त्यामुळे तिचं रडणं बाहेर स्वच्छ ऐकू आलं. पोराला आज झोप मिळाली, पुरती मिळाली, तर उद्या तो उभा राहील, एवढीच अनुपमाची आशा होती.

हळद दळायचा मुहूर्त नऊ चाळीसचा. सव्वानऊला पाच सवाष्णी पदर खोचून तयार. सुपात हळकुंडं, आंब्याचे डहाळे, कुंकवाचा करंडा, सगळं मांडून झालं. शकुआक्काने चौफेर नजर फिरवली आणि विचारलं, "जातां खय असा?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अनुपमाचा हात कपाळावर गेला. आठवडाभर ती याद्या करत होती, नारळांपासून टाचण्यांपर्यंत, आणि जातं यादीत होतंसुद्धा. सासूचं जातं, घरातच आहे, म्हणून तिने त्यावर आधीच बरोबरची खूण केली होती. ते होतं नितेशच्या पलंगाखाली.

"वाट लागली," अक्षता कुजबुजली.

"मिक्सरवर काढू या का?" एका मैत्रिणीने सुचवलं.

"मिक्सराची हळद?" शकुआक्काने पोरीकडे असं बघितलं की ती मागच्या मागे सरकली. "न्हवऱ्याक काय चटणी लावूची असा?"

कुजबुजत हशा पिकला. सगळ्यांनी तोंडावर हात धरले, एकीला ठसका लागला, तिला चौघींनी मिळून जिन्यात नेलं. दशरथ कोपऱ्यात नवं धोतर सावरत उभा होता, तो म्हणाला, "मी आणतो." पण त्याची कंबर सगळ्यांना ठाऊक.

"मीच जाते," अनुपमा म्हणाली.

कडीवर पंचा असताना ते दार तिने आजवर कधीही उघडलेलं नव्हतं. ना दशरथच्या वेळी, ना नितेशच्या. तिने बांगड्या आणखी वर सरकवल्या, कडी दाबून धरली आणि आत शिरली. काचांना काळा कागद लावल्यामुळे आत अंधार होता. ती गुडघ्यांवर बसली, पलंगाखाली हात घातला, गार दगड हाताला लागला. जात्याखाली गोणपाट होतं, ते धरून तिने बोटभर ओढलं.

"थांब, मी धरतो. तुझी कंबर जाईल."

आवाज झोपेतला नव्हता. आईला तेवढं कळतं.

"उठवलं का रे तुला?" ती अजूनही कुजबुजतच होती.

"नाही. जागाच होतो."

"आत्ता जाग आली?"

नितेश उताणा पडला होता, डोळे टक्क उघडे. "झोपलोच नव्हतो. काल पण नाही."

"परवा?"

"आई, गणपतीपासून मला धड झोप नाही. तास, दोन तास. कधी तेवढीही नाही."

गणपती होऊन पाच महिने झाले होते. अनुपमा जमिनीवरच बसून राहिली. बाहेर कुणीतरी कुणाला तरी "शूऽ" केलं.

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? तू घड्याळ काढलंस. वसुधामावशी आमच्यासाठी रोज दोन घरांचा कुकर लावते. खालची पोरं मला बघितलं की बॉल हातात धरून उभी राहतात. सगळी बिल्डिंग माझ्या झोपेसाठी तोंड दाबून बसलीये, आणि मी इथे पंख्याकडे बघतोय. म्हणून पडून राहायचो, तीनपर्यंत. मग उठून सांगायचो, मस्त झोप झाली."

ती त्याच्या पायावरून हात फिरवत राहिली.

"आवाजच नसतो ना गं," तो म्हणाला. "मग डोक्यातलंच ऐकू येतं. फोनवरची माणसं ओरडताना ऐकू येतात. ढोलकी घ्यावीशी वाटत नाही, जेवावंसं वाटत नाही. अक्षूचं लग्न आहे आणि मला काहीच वाटत नाहीये, त्याचीच लाज वाटते. कधी कधी वाटतं, मी नसतो तर तुम्हाला मोठ्याने बोलता तरी आलं असतं."

ते शेवटचं वाक्य तिच्या काळजात गेलं. तिने दोन वर्षं जपून, निगुतीने, एकेक आवाज वेचून बाहेर काढला होता, आणि पोराला आत एकटं सोडलं होतं. तिला रडू आलं, पण रडत बसायला ती बाई वेगळी. तिने पदराने तोंड पुसलं, उठली, काचेवरचा काळा कागद धरला आणि टरकावला. मग वाकून गोणपाट धरलं आणि जातं असं ओढलं की फरशी करकरली.

"वसुधा," तिने हाक मारली. दोन वर्षांत त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. "आत ये. आणि आक्का, तुम्ही सगळ्या आत या. हळद इथेच दळायची."

वसुधा धावत आली. अनुपमाने तिला चार वाक्यांत सांगितलं. वसुधाने नितेशचा चेहरा नीट बघितला, पलंगावर त्याच्या शेजारी बसली आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं येतं का रे मनात? खरं सांग. मी ओरडणार नाही."

नितेश उठून बसला. "करावं असं नाही. पण सकाळ झाली की नको वाटतं."

"बरं केलंस सांगितलंस. असं पुढे कधीही वाटलं तर समोरचं दार वाजवायचं, मी झोपलेली असले तरी. आणि सोमवारी आमच्याकडे मनाच्या डॉक्टरांची ओपीडी असते, आपण जायचं. तोवर रात्रपाळी बंद." मग ती अनुपमाकडे वळली. "झोप गेली की मन खचतं, अन् मन खचलं की उरलीसुरली झोप जाते. माझ्याकडे कॉलेजातल्या पोरांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत रोज येतात. तू कशाला तोंड पाडतेस? मी नर्स असून समोरच्या दारात बसले होते, मला तरी कुठे दिसलं?"

तोवर दारात गर्दी झाली होती. अक्षता वाट काढत पुढे आली आणि भावासमोर उभी राहिली. मगासचं सगळं तिने ऐकलं होतं.

"ए गधड्या," ती म्हणाली. "मला वाटलं तुला सुशांत आवडला नाही."

"चांगला आहे गं तो. कानपण मोठे आहेत."

"मग येशील ना उद्या?"

"येईन. पण झोपलो असलो तर उठव. हाका मारून उठव."

शकुआक्काने दोघांना बाजूला सारलं. "नऊ चाळीस झाले. सरका थयसून."

पलंगाला लागूनच जातं मांडलं. डहाळा बांधला, कुंकू लावलं, खुंट्यावर पाच हात पडले आणि घरघर सुरू झाली. पहिली ओवी शकुआक्काने उचलली, तीही अशी की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. अक्षताच्या मैत्रिणींना ओव्या येत नव्हत्या, त्यांनी टाळ्या धरल्या. कुणीतरी तांदळाच्या डब्यातून सनई बाहेर काढली. कोंडलेलं लग्न एकदम मोकळं झालं. पोरं जिन्यातून धावत वर आली, मंडपवाला शिडीवरूनच ओरडला की माळ कमी पडतेय, वसुधाने एका हाताने खुंटा ओढत नवऱ्याला फोन लावला की कुकर आणि मिक्सर घेऊन ये. हळदीचा वास खोलीभर पसरला. अनुपमा हसत होती, डोळे वाहत होते, आणि तिने ते पुसले नाहीत.

नितेश आधी अवघडून बसला होता. मग भिंतीला टेकला. मग उशीवर कलंडला. दुसरं सूप ओतलं तेव्हा त्याची मान वळली, ओठ सुटले, आणि लहानपणी घोरायचा तसा तो बारीक घोरायला लागला.

बायांचे हात थबकले. शकुआक्काची ओवी, खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच, हळू झाली. कुणीतरी बोट ओठांवर नेलं.

"नाही," अनुपमा म्हणाली. "आवाज कमी करू नका."

पुन्हा घरघर सुरू झाली.

हळद दळून झाली तरी तो झोपलेलाच होता. बायका ओल्या हळदीच्या वाट्या घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या, तिथे कल्ला सुरू झाला. वसुधा अनुपमाला म्हणाली, "आज लागली म्हणून हुरळून जाऊ नकोस. एका झोपेत हे बरं होत नाही. सोमवारी लवकर निघायचं, केसपेपरला रांग असते. मी काढून ठेवते."

"दोन काढ," मागून दशरथ म्हणाला.

तो दाराजवळ उभा होता. कधीपासून, कुणाला माहीत. कडीवरचा पंचा त्याच्या हातात होता.

"दोन कशाला भाऊजी?"

दशरथने पंच्याची घडी घातली, मोडली, परत घातली. वसुधा शहाणी, ती जास्त विचारत बसली नाही. "दोन काढते," म्हणाली आणि बाहेर गेली.

अनुपमा नवऱ्याकडे बघत राहिली. पहाटे दोनला उठून गॅलरीत बसणारा हा माणूस. ती म्हणायची, जुनी सवय आहे, जाईल.

"अहो," तिने विचारलं, "तुम्हाला तरी लागायची ना झोप? पंचा असायचा तेव्हा?"

"नाही."

"एवढी वर्षं?"

"दाराबाहेर चाहूल लागली की वाटायचं, आत येशील," तो पंच्याकडे बघत म्हणाला. "पण तू बांगड्या धरून चालायचीस."

बाहेर कुणीतरी अक्षताच्या गालाला हळद फासली, आणि हशा उसळला. एकोणतीस वर्षांत तो तिच्याशी एका दमात एवढं कधी बोलल्याचं अनुपमाला आठवत नव्हतं.

"कधीच नाही लागली?"

"रविवारी लागायची. सुट्टीला. तू सकाळी भाकऱ्या थापायचीस ना, तेव्हा."

तो स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर जाऊन बसला. नवं धोतर, कपाळाला हळदीचा टिळा, मुलीच्या लग्नाला सजलेला बाप. पंचा त्याने मांडीवर घेतला होता.

अनुपमाने तांदळाच्या पिठाचा डबा खाली काढला. परात ओट्यावर ठेवली, तवा चढवला. शकुआक्का हळदीचे हात घेऊन पाण्यासाठी आत आली आणि बघतच राहिली.

"गो, केटरर असताना भाकऱ्यो कित्याक?"

"असू दे, आक्का."

तिने कोपरापर्यंत चढवलेल्या बांगड्या एकेक करून खाली सोडल्या. मग गोळा घेतला आणि थापायला लागली. हात परातीवर पडत होते आणि हिरवा चुडा नुसता खणखणत होता. पहिली भाकरी तव्यावर पडली. दुसरी झाली. तिसरीला तिने मागे वळून बघितलं. दशरथची हनुवटी छातीला टेकली होती, पंचा मांडीवरून घसरून जमिनीवर पडला होता.

परातीतलं पीठ संपलं. तिने डबा उघडून आणखी घेतलं.